आबांचा डोळा आणि माझं विमाज्ञान

आरोग्य विम्याची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला आमच्या कॉलनीत मी एकटाच माणूस आहे. त्यापायी माझ्या वडिलांच्या उजव्या डोळ्यावर काय प्रसंग आला, ते सांगतो.

मी बीडला एका बियाण्याच्या कंपनीच्या गोदामात कामाला आहे. कंपनीनं आम्हा सगळ्यांचा विमा काढला, त्यात आईवडीलही बसतात. बाकीच्यांनी पुस्तिका कपाटावर टाकली. मी वाचली. दोनदा! पेन्सिलीनं खुणा करून! पुढं शेजारच्या रफिकभाईंच्या भावजयीचं ऑपरेशन झालं, त्यांचा विम्याचा फॉर्म मी भरून दिला आणि तो मंजूर झाला. (फॉर्म कुणीही भरला असता तरी मंजूर झाला असता, पण हे मी कुणाला सांगितलं नाही.) तेव्हापासून कॉलनीत कुणी नुसतं शिंकलं तरी लोक म्हणायचे, "दत्ताभाऊंना विचारा, बसतंय का विम्यात."

अशा माणसाच्या घरी गेल्या हिवाळ्यात आबा आले.

आबा म्हणजे माझे वडील. तलवाड्याजवळच्या आमच्या गावात राहतात. सगळा जन्म मेंढरांमागं गेला, आता वय झालं म्हणून फक्त बारा शेळ्या आहेत. त्यांच्याबरोबरच्या बोकडानं त्यांचा चष्मा तुडवला होता.

"चष्म्याबिगर आडत कायी न्हाई," आबा आल्या आल्या म्हणाले. "पर शेळीच्या कानातली गोचीड दिसंना गेलीय. नंबर काढून दी, दोन दिसात परत जातो."

हे सोमवारी संध्याकाळी. मंगळवारी सकाळी चहा पिता पिता आबांनी एकदम हवेत पंजा मारला.

"काय झालं आबा?"

"माशी."

माझ्या बायकोच्या, सुरेखाच्या हातातली गाळणी तिथंच थांबली. सुरेखाचं घर असं आहे, की माशी दारातूनच आत बघते आणि शेजारी निघून जाते. तिनं खिडकी लावली. पाच मिनिटांनी आबांनी पुन्हा पंजा मारला. मग जेवताना मारला. दुपारी पडल्या पडल्या मारला. संध्याकाळपर्यंत सुरेखानं तीनदा फिनेलनं फरशी पुसली, आणि मला आत बोलावून दबक्या आवाजात म्हणाली, "आवं, मला एकबी माशी दिसंना, आन् ह्यांना रांगच्या रांग दिसतीय! माझं घर घाण हाय, आसं दाखवून देतेत का काय मला?"

"अगं, जन्म गेला शेळ्या-मेंढरांत. हाताला सवय लागलेली असते," असा मी शास्त्रीय खुलासा केला.

माझं डोकं तेव्हा दुसरीकडं होतं. मी पुस्तिका काढून बसलो होतो. त्यात अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं: चष्म्याचा नंबर काढण्यासाठी केलेली नेहमीची तपासणी विम्यात बसणार नाही. डोळ्याच्या आजाराची तक्रार असेल, तर तपासणी आणि उपचार बसतील. म्हणजे डोळा तोच, डॉक्टर तोच, खुर्चीही तीच. पण "नंबर काढा" म्हणून बसलात तर बाहेर, आणि "दुखतंय" म्हणून बसलात तर आत! साधा माणूस इथं गप्प बसला असता. मी पुस्तिका दोनदा वाचलेली होती.

मी मोबाइलवर डोळ्याच्या आजारांची लक्षणं शोधली. त्यातलं मला एक फार आवडलं, कारण बाहेरून बघून ते खरं की खोटं हे कुणाच्या बापाला कळणार नाही, असं मला वाटलं. मग मी आबांना समोर बसवलं.

"आबा, उद्या डॉक्टरकडं नंबराचं नाव काढायचं न्हाई."

"कावून? नंबरच तर काढायचाय."

"तो आपोआप निघंल. आपण सांगायचं की तरास हाय. नीट ध्यानात ठिवा. डोळ्यापुढं काळे ठिपके उडतेत. माशा उडल्यावानी."

आबांचा हात मिशीवर होता, तो तिथंच राहिला.

"आन् कडंला मधीच वीज चमकल्यावानी व्हतं. अंधारात जास्ती."

आबा माझ्याकडं बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुला कुनी सांगितलं?"

"मोबाइलनं."

"मोबाइलला कसं कळलं?"

"त्याला सगळं कळतं आबा," मी म्हणालो. "म्हनून दाखवा बरं."

आबांनी म्हणून दाखवलं. एका दमात, एकही शब्द न चुकता. मी सुरेखाला म्हणालो, "आबा गावात तमाशात असते तर नाव काढलं असतं." त्या रात्री आबा नीट जेवले नाहीत. खोटं बोलायचं म्हणून भोळा माणूस घाबरला असेल, असं समजून मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

बुधवारी सकाळी आम्ही तिघं डोळ्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, समोरच्याकडं एकटक बघणाऱ्या. (अशा बाईपुढं मी शाळेतसुद्धा कधी खोटं बोललो नव्हतो.)

"काय त्रास आहे बाबा?"

मी आबांना कोपरानं खुणावलं. आबा सुरू झाले. ठिपके, माशा, वीज, अंधार, सगळं ठरल्याप्रमाणं. मला अभिमान वाटला. पण आबा तिथं थांबेनात!

"आइतवारी सकाळपासून हाय बाई. उजव्या डोळ्यात. आधी काजवा चमकल्यावानी कडंला चमकलं. मग काळा धागा तरंगाया लागला. माशा सोमवारपासून. डोळा हालला की त्याबी हालत्येत."

हे पाठात नव्हतं! काजवा, धागा, वार, सगळं आबांनी पदरचं घातलं होतं. मी त्यांच्या पायावर पाय दिला. आबांनी पाय काढून घेतला आणि म्हणाले, "काल सांजंला तर लई चमाकलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. सिस्टरला हाक मारली. "बाहुली मोठी करायचे थेंब टाका. आणि यांचा पेपर वर घ्या. अर्जंट."

अर्जंट! बाहेर बाकावर बसलो, तर सिस्टर आमच्या आधी आलेल्या सात जणांना बाजूला सारून आबांच्या डोळ्यांत थेंब टाकून गेली. दहा मिनिटांनी पुन्हा टाकून गेली. माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र उभं राहिलं. बाई आत बघणार. आत काहीच नसणार. बाई विचारणार, "खोटं का सांगितलं?" आबा सरळ माणूस, बोट माझ्याकडं करणार. मग कंपनीला पत्र, मग नोकरी, मग बियाण्याच्या पोत्यांऐवजी मी कुठली पोती उचलणार?

मी आबांच्या दंडाला धरलं. "चला."

"कुटं?"

"घरी. नंबर दुसरीकडं काढू."

"आरं, थेंब टाकल्यात. आता दावून तर जाऊ."

"आबा, मी सांगतो ना! चला, उठा!"

"आवं, काय येड लागलं का तुमाला?" सुरेखा म्हणाली. मी ऐकलं नाही. बाप माझ्यापुढं कधी चढ्या आवाजात बोलला नाही याचा मी त्या दिवशी पुरेपूर फायदा घेतला. मी त्यांना ओढत दारापर्यंत नेलं. तिथं चपलांचा हा ढीग! आबांच्या बाहुल्या थेंबांनी एवढ्या मोठ्या झालेल्या की त्यांना सगळं पांढरंफटक दिसत होतं. ते वाकून चाचपडत होते, आणि मी वरून कुजबुजत होतो, "ती न्हाई, ती बाईमाणसाची हाय. ती डावीकडची. तुमची डावी न्हाई, माझी डावी!" एक चप्पल सापडली. दुसरी सापडेना.

"सखाराम काळे!" आतून हाक आली. आबा त्या हाकेकडं वळले आणि एक चप्पल हातात घेऊन आत चालू लागले. दुसरी चप्पल मिळाली असती, तर पुढची गोष्ट मला सांगवली नसती.

बाईंनी कपाळाला दिवा बांधला, हातात भिंग धरलं आणि आबांच्या डोळ्यात बघायला लागल्या. खोलीत अंधार. वर बघा. खाली बघा. उजवीकडं. आणखी उजवीकडं. तिथं त्या थांबल्या. किती वेळ थांबल्या! पंख्याची करकर ऐकू येत होती. पुन्हा, "उजवीकडं, वर."

बाईंनी दिवा काढला. "आजच्या आज संभाजीनगरला जावं लागेल. मी तिथल्या डॉक्टरांना फोन करते."

मी उभा राहिलो. हात जोडले. "मॅडम, माफ करा. त्यांना काही झालेलं नाही. ते खोटं बोलतायत."

सुरेखानं तोंडावर हात ठेवला.

"खोटं?"

"मी शिकवलं, मॅडम! विम्यासाठी! नुसता नंबर काढला तर बसत नाही, म्हणून मी मोबाइलवरून लक्षणं काढून त्यांच्याकडून पाठ करून घेतली. ठिपके मी शिकवले. माशा मी शिकवल्या. वीजही मीच शिकवली!"

बाई माझ्याकडं एकटक बघत राहिल्या.

"आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याला चीर पडलीय," त्या म्हणाल्या, "तीही तुम्हीच शिकवलीत का?"

मी खाली बसलो. खुर्ची होती म्हणून बरं.

बाईंनी कागदावर गोल काढून दाखवलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पातळ पडदा असतो, त्याला वर उजवीकडं चीर गेली होती. लेझरनं तिच्या भोवतीनं डाग दिले की पडदा तिथंच चिकटून राहतो. उशीर झाला, चिरेतून पाणी मागं गेलं, की अख्खा पडदा सुटतो. मग मोठं ऑपरेशन, आणि नजर परत येईलच असं नाही.

"आबा," मी विचारलं. "तुमाला खरंच दिसत व्हतं? मग बोलला का न्हाई?"

"बोलनार व्हतो," आबा म्हणाले. "पर म्हनलं, डोळा गेला आसं कळलं तर तुमी शेळ्या इकायला लावतान. मग तूच सगळं बोलून दाखीवलं. मला वाटलं, ह्याला कळलंय, उगं माझी लाज राखाया पाठ कर म्हनतोय."

मला लाज वाटून मी छताकडं बघितलं. सुरेखा मात्र तोंडाला पदर लावून म्हणाली, "म्हंजी माशा डोळ्यात व्हत्या! आन् मी तीनदा फरशी पुसली!" आणि रडायला लागली.

"डोकं फार हलू देऊ नका," बाईंनी बजावलं. "धक्के टाळा. आणि रस्त्यात एका बाजूनं काळा पडदा सरकल्यासारखा वाटला, तर ताबडतोब मला फोन करा."

एसटीच्या धक्क्यांचा विचार करून मी रफिकभाईंना फोन लावला. रफिकभाईंचं गॅरेज आहे आणि स्वतःची एक जुनी व्हॅन. ते हातातलं इंजिन तसंच सोडून, ग्रीस लागलेल्या हातांनी आले. "दत्ताभाऊ, टेन्शन घ्यायचं न्हाई. गाडीत दही ठिवा, सांडलं तर मला सांगा."

मागच्या सीटवर आबा मधे, एका बाजूला सुरेखा, दुसऱ्या बाजूला मी. मी आबांचं डोकं दोन्ही हातांत धरलं, कलिंगड धरावं तसं. गेवराई येईपर्यंत माझे दंड भरून आले. समोर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन हेलपाटत चाललेला. रफिकभाई ओव्हरटेक करायला बाहेर निघाले की मी ओरडायचो, "हळू!" ते मागं आले की ओरडायचो, "अहो, उशीर होतोय!"

"एक काय ते ठरवा, दत्ताभाऊ," रफिकभाई शांतपणे म्हणाले.

दर पाच मिनिटांनी मी विचारत होतो, "आबा, पडदा दिसतोय का?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई, बाबा."

गोदावरीचा पूल ओलांडला. ऊन तिरपं झालं. आबा डोळे मिटून बसले होते. मी पुन्हा विचारलं, "आबा, पडदा?"

आबांनी डोळे उघडले. "हां. आता आला पडदा."

"कुठून?"

"डावीकडून. सरकत सरकत आला. सगळा काळा."

मी किंचाळलो. सुरेखा किंचाळली. रफिकभाईंनी करकचून ब्रेक मारला. माझ्या हातातलं डोकं सुटलं नाही, पण माझंच डोकं पुढच्या सीटवर आदळलं. मी मोबाइल काढला, तो खाली पडला, सीटखाली गेला. "संपलं! गेला डोळा! रफिकभाई, पळवा गाडी! नका पळवू! पळवा!"

रफिकभाई मागं वळून बघत होते. मग त्यांनी हात लांब करून आबांच्या डाव्या बाजूच्या खिडकीचा पडदा बाजूला सारला. व्हॅनच्या खिडक्यांना त्यांनी निळे-काळे पडदे बसवले होते, आणि आबांच्या डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून सुरेखानं नुकताच तो ओढला होता.

"आता गेला," आबा म्हणाले.



संभाजीनगरच्या दवाखान्यात आबांना थेट आत नेलं. मी विम्याच्या काउंटरवर गेलो. तिथं एक तरुण मुलगी कॉम्प्युटरपुढं बसलेली. "रूटीन तपासणी की आजार?" तिनं विचारलं.

त्या एका प्रश्नानं मी सकाळपासून पोळलो होतो. मी तिला सगळं खरं सांगितलं. बोकडापासून! पुस्तिका, पेन्सिल, मोबाइल, पाठांतर, चपला. माझ्यामागं रांग वाढत गेली. रांगेतला एक गृहस्थ तर पुढं सरकून नीट ऐकायला लागला.

"काका," ती मधेच म्हणाली, "एवढं नका सांगू. बीडच्या मॅडमचा कागद आहे ना? त्यावर निदान लिहिलंय. आजार असला की तपासणी आजाराची. फक्त नंबर काढला तर तो खर्च तुमचा. आणि हे डॉक्टरच्या कागदावरून ठरतं. पेशंटनं काय पाठ केलं ते आम्ही विचारत नाही."

एवढ्या दोन-चार वाक्यांसाठी मी पुस्तिका दोनदा वाचली होती.

"मंजुरी येईपर्यंत थांबायचं का?" मी विचारलं.

"डॉक्टर थांबलेच नाहीत. लेझर सुरू झालं."

मी दाराबाहेर उभा राहिलो. सुरेखा बाकावर, रफिकभाई तिच्या शेजारी. त्या अर्ध्या तासात मला आबांच्या बारा शेळ्यांची नावं आठवायचा नाद लागला. आबांना सगळ्यांची माहीत असतात, लांबून चालीवरून ओळखतात. मला चारच आठवली. डोळा गेला असता, तर उरलेल्या आठ मी त्यांना कशा ओळखून देणार होतो?

दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. चीर बंद केलीय. दोन आठवडे ओझं उचलायचं नाही, मग परत दाखवा."

मागून आबा आले. मी पुढं होऊन त्यांचा हात धरला, तर त्यांनी विचारलं, "नंबर काढला का रं?"

मंजुरी आली. लेझर बसलं, तपासणी बसली. नंबर पुढच्या फेरीत काढला, आणि तो खर्च मी एक शब्द न बोलता स्वतः केला.

आबा तीन आठवड्यांनी नवा चष्मा घालून गावी परतले, आणि तिथं जाऊन त्यांनी काय सांगावं? "आमच्या दत्त्यानं माझ्या डोळ्यातलं सगळं मला बसल्या जागी सांगितलं. डाक्टरनीच्या आधी! माशा म्हनला, वीज म्हनला, काय काय म्हनला!"

परवा रविवारी मी गावी गेलो, तर घरापुढं सहा माणसं बसलेली. सगळ्यात पुढं सटवाजी तात्या, आबांच्या वयाचे, एक डोळा मिटून.

मी ठरवलं, आता पुरे झालं. सगळ्यांपुढं उभा राहिलो आणि सरळ कबुली दिली. "तात्या, मला काही कळत नाही. मी विम्यासाठी लबाडी केली होती. आबांना खोटं बोलायला शिकवत होतो. ते नशिबानं खरं निघालं. उलट मी त्यांना दवाखान्यातून ओढून घरी आणत होतो!"

तात्यांनी मान हलवली आणि आबांकडं वळले. "सखाराम, पोरगं लई गरीब सोभावाचं निघालं बग. एवढं करूनबी म्हनतंय, मी लबाड हाय!"

"लाजतंय त्ये," आबा म्हणाले.

मग तात्यांनी बोटानं पापणी वर केली आणि तोंड माझ्याजवळ आणलं. आणि मी, काय सांगू, वाकून बघितलं! डोळा लालभडक होता.

"डॉक्टरकडं जा," मी म्हणालो.

तात्यांनी बाकीच्या पाच जणांकडं वळून विजयी नजरेनं बघितलं. "कळलं त्याला! नुसतं बगून कळलं!"